सोंगाडी

आमच्या सिहोऱ्याकडे दुखण्याचा बहाणा करणाऱ्याला सोंगाडी म्हणतात. दंडारीच्या खेळात तोंडाला रंग फासून राणी होणारा गडीही सोंगाडीच. मला हे नाव माझ्या सख्ख्या आईने दिलं. त्याचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू?

मी दहावीत होते. भाताच्या रोवणीच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावरून घसरले आणि मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, दुखण्यावर गोळ्या दिल्या. आई रोवायला परत चिखलात उतरली आणि मी आंब्याखाली पडून राहिले. भाताच्या बांधीतल्या पाण्यात आभाळ उतरलं होतं. त्या आभाळात वाकलेल्या बाया हळूहळू मागे सरकत होत्या. त्यांचं गाणं कुठून तरी लांबून येत होतं. सगळं तरंगत होतं, मीसुद्धा. फक्त मनगट तेवढं जागच्या जागी ठणकत होतं.

"दोन गोळ्या खाल्ल्या न? मंग कायले रडून राहिली? सोंगाडी कुठची!" आई बांधीतूनच ओरडली. सगळ्या बाया हसल्या.

पुढे दाढ काढली, बाळंतपणात टाके पडले, दर वेळी तीच गोळी आणि दर वेळी तेच. आईने एकदा तरी म्हणावं, दुखत होतं वं तुले. एवढंच मला हवं होतं. पण तिचं आपलं एकच, "गोळी खाल्ल्यावर मले काहून नाही दुखत?"

लग्नानंतर मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आले होते. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा भंडाऱ्याच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा माझं नीट ऐकलं. तपासणी करून त्या म्हणाल्या, "ही गोळी पोटात गेल्यावर शरीर तिच्यातून खरं औषध बनवतं. तुमचं शरीर ते बनवतच नाही. जन्मापासूनच. हे आईवडिलांकडून येतं. घरात आणखी कुणाला?"

"छे! माझ्या आईला तर काही दुखतच नाही," मी ठसक्यात सांगितलं.

गेल्या वर्षी आई अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलं. भंडाऱ्याच्या त्याच दवाखान्यात ऑपरेशन झालं. दुपारी मी पोचले तेव्हा ती डोळे मिटून शांत पडली होती. "बरं हाये," म्हणाली. नर्सने नुकतीच गोळी दिली होती, तीच. मग चादरीबाहेर आलेला तिचा चांगला पाय दिसला. बोटं गादीत रुतवलेली, चिखलात रुतवायची तशी. मी धावतच डॉक्टरीणबाईंना गाठलं.

त्यांनी गोळी बंद केली आणि मांडीच्या नसेजवळ सुई देऊन ती नसच बधिर केली. म्हणाल्या, आता मेंदूला गुंगी न आणता नसेतच दुखणं अडवणाऱ्या गोळ्याही निघाल्यात. मी अर्धवट ऐकत होते. आईची बोटं एकेक करून सुटत होती. खिडकीतून ऊन आलं, पडदा हलत राहिला, आणि ती लहान पोरीसारखी झोपली.

जागी झाली तेव्हा छताकडे पाहत होती.

"काहीच दुखून नाही राहिलं वं," ती नवलाने म्हणाली. "लोकायले असंच वाटते काय, गोळी खाल्ल्यावर?"

"हो."

इतक्या वर्षांचं भांडण माझ्या ओठांवर तयार होतं. तिने चाचपत माझं मनगट धरलं, तेच, थोडं वाकडं जुळलेलं.

"सोंगाडी त मी होती," ती म्हणाली. "तुले लय दुखलं असन."