‘कोरडी’खाली माझी सही नाही

वायूसाठी खणलेल्या विहिरीत तारेनं उपकरणं सोडून खडकाच्या नोंदी घेतात. त्या वाचून खाली वायू आहे की पाणी हे सांगणं, ही माझी नोकरी. विहीर परराज्यात, मी भिसेगावात घरून काम करणारी.

त्या विहिरीचा खडक फार घट्ट होता. त्यातून वीज मात्र सहज जात होती. नेहमीच्या हिशेबानं म्हणजे पाणीच. साहेबांनी फोनवर सांगितलं, कोरडी, म्हणजे वायू नसलेली, असं लिहा आणि सही करा, सोमवारी बंद करायचीय. पण नोंदींच्या आलेखातल्या दुसऱ्या दोन रेघांत मला वायूची पुसट खूण दिसत होती. मी सही केली नाही.

खडकाचे नमुने तपासणाऱ्या भूवैज्ञानिक बाईंना मी विचारलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकातले फोटो पाठवले. कणाकणावर चिकणमातीचा थर होता आणि पाणी त्यातच अडकलेलं. वीज वाहून न्यायला ते पुरेसं होतं, पण विहिरीत ते आलंच नसतं. ड्रिलिंगवाल्यांकडून खणताना वर आलेल्या वायूच्या नोंदी मागवल्या, तर त्याही नेमक्या त्याच खोलीवर वाढलेल्या. प्रत्येकाकडे आपापला तुकडा होता. शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिलंच नव्हतं.

लोधिवलीहून आई आली होती. साहेबांचा चढलेला आवाज तिनं ऐकला.

“कर ना गं सही. मोठ्या मानसाशी वाद कशाला?”

“मला जे दिसतंय ते खोटं लिहू?”

मी फोनवर साहेबांना म्हटलं, “वायू येतो का याची चाचणी न घेता विहीर बंद करायची असेल तर करा. खाली माझं नाव नसेल.”

सोमवारच्या आत मी तिन्ही नोंदी एका चित्रात मांडून साहेबांच्या वरिष्ठांकडे पाठवल्या. त्यांच्याकडून चाचणीचा हुकूम आला. दाबानं खडकाला भेगा पाडल्यावर खालच्या थरातून वायू आला. वरच्या थरातही वायू आहे, असं मी ठामपणे लिहिलं होतं. तिथून नुसतं खारं पाणी निघालं.

साहेब बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, “म्हणजे तुम्ही अर्ध्या चुकलात.”

“हो,” मी म्हटलं. “पण ते चाचणी घेतली म्हणून कळलं.”

पुढची विहीर त्यांनी दुसऱ्याला दिली. त्यानंतरची माझ्याकडे आली तेव्हा मी आधीच कळवलं, की नमुने आणि वायूच्या नोंदी सोबत नसतील तर माझी सही मिळणार नाही. साहेबांकडून नमुने आले, सोबत वायूच्या नोंदीही.