ब्रेकच्या यादीत नसलेलं नाव

कोंडीबाकाका गेले. आणि त्यांचं प्रमोशन मी खाल्लं, हे मला आज दुपारी त्यांच्या दारात कळलं.

घरी येऊन थेट लिहायला बसलोय. टायपिंग चुकलं तर चुकू द्या.

त्र्याहत्तर साल. जालन्यातली मोठी बियाणं कंपनी. काका टाइमकीपर, मी गोदामात बदली कामगार. दिवसा पोती, संध्याकाळी बी.ए.चा अभ्यास.

तेव्हा एक पद्धत होती. बदलीवाल्याचे दोनशेचाळीस दिवस भरत आले की त्याला घरी बसवायचं, म्हणजे तो पर्मनंट होत नाही. याला म्हणायचे ब्रेक. यादी काका करायचे.

त्या वर्षी यादीत माझं नाव आलंच नाही. दिवस भरले आणि मी पर्मनंट झालो!

पर्सोनेल ऑफिसर काकांवर सगळ्यांसमोर खेकसले, "कोंडीबा, हे नाव कसं राह्यलं?"

"नजरचूक झाली साहेब."

काकांना मेमो मिळाला. मला मात्र आयुष्य मिळालं.

बी.ए. झालो. पर्सोनेलमध्ये क्लार्क झालो, मग हेडक्लार्क. एकोणऐंशीत काकांच्या बढतीची फाइल माझ्या टेबलावर आली. साहेब म्हणाले, "शेरा तू लिही."

मोठा शहाणा मी! लिहिलं, "माणूस प्रामाणिक. परंतु कामात गंभीर नजरचूक. बढतीस अपात्र."

काका टाइमकीपर म्हणूनच रिटायर झाले. रोज गेटच्या खिडकीतून म्हणायचे, "जय भीम, भीमराव. जल्दी चल, भोंगा झाला." कधी आवाजात फरक नाही.

आज मस्तगडला त्यांच्या घरी गेलो. काकूंना धीर द्यायचा म्हणून नेहमीचंच बोललो, "काकू, काकांची एक नजरचूक अन् माझी जिंदगी बनली."

काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"नजरचूक कशाची रे? यादी घरी आणल्ती त्यांनी. तीनदा लिहिली, तीनदा तुझं नाव खोडलं. मी म्हणलं, नौकरी जाईल तुमची. तर म्हणले, पोरगं बी.ए. करून राह्यलंय. ब्रेक दिला तर गावाकडं पिंपळगावला जाईल, मंग परत येणार न्हाई."

कसंबसं विचारलं, "आणि माझा शेरा?"

"वाचल्ता की. म्हणले, बराबर लिहिलंय. नियमानं लिहायला शिकलं पोरगं."

अहो काका, एकदा तरी शिवी द्यायची! खिडकीतून हात घालून कान धरायचा! इतकी वर्षं तुमच्या घरचा चहा पिऊन मी तुमच्याच चुकीवर हसत राहिलो, आणि तुम्हीही हसलात.

ती फाइल आता कुठे असेल, कोण जाणे. म्हणून दुरुस्ती इथं करतोय, सगळ्यांसमोर:

कोंडीबाकाका, टाइमकीपर. कामात चूक नाही. बढतीस पात्र.
शेरा लिहिणारा अपात्र होता.

जय भीम, काका. माफ करा.