डाव्या बाजूचं ऊन

क्यूबातल्या सिएनफुएगोस शहराच्या चौकात न्हावी एलिएसेरला तीस वर्षं एकच नाव होतं: फाटका हातमोजा. बेसबॉलच्या अंतिम सामन्यात, दुपारी चार वाजता, मैदानाच्या डाव्या बाजूचा उंच झेल त्याच्या हातमोज्यातून सुटला होता. "डोळ्यांवर ऊन आलं," तो म्हणाला, तर बेकरीवाला फ्रोइलान खिदळला, "ऊन काय तुला एकट्यालाच लागतं?" तेव्हापासून फ्रोइलान त्याला रोज हेच ऐकवायचा.

यंदाच्या अंतिम सामन्यात डाव्या बाजूच्या त्याच जागेवर कोणाला उतरवायचं, यावरून चौकात खडाजंगी झाली. फ्रोइलान आपल्या पोरासाठी घसा फोडत होता. एलिएसेरनंही त्याचीच बाजू लावून धरली, तेव्हा सगळे चाट पडले. पोरगा उतरला.

रविवारी चार वाजता त्याच्या हातून झेल सुटला. "अरे, डोळ्यांवर ऊन आलं त्याच्या!" फ्रोइलान ओरडला.

एलिएसेर फ्रोइलानच्या कानाशी वाकला. "ऊन काय त्याला एकट्यालाच लागतं?"