हवेतला बॉक्साइट

शिक्षण संपल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती मिरजेत. खाली तंबोरे बनवणाऱ्याचं दुकान, वर आमची दोन खोल्यांची कचेरी. खाली दिवसभर तारा जुळवणं चालायचं आणि वर मी संगणकावर दगड जुळवायची. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, पाटणच्या वर, जांभ्या दगडाचा एक मोठा सडा, म्हणजे उघडं सपाट पठार आहे. तिथं बॉक्साइट, म्हणजे ज्यातून ॲल्युमिनियम काढतात ते खनिज, आहे का, असलं तर किती आणि कुठं, हे शोधायचं काम आमच्याकडे आलं होतं. सड्यावर जागोजाग बोअर पाडायचे, आतून दगडाच्या कांड्या काढायच्या आणि कुठल्या खोलीवर कुठला दगड लागला ते वहीत लिहायचं. ती वही माझ्याकडे आली की मी एकेक बोअर संगणकात भरायची. मग ते सॉफ्टवेअर बोअरांमधली न पाहिलेली जागा आपल्या गणितानं भरून काढायचं आणि जमिनीखालचं अख्खं खनिज रंगीत करून पडद्यावर ठेवायचं. माउसनं ते गरागरा फिरवता यायचं. मी ते जरा जास्तच फिरवायची.

वही लिहिणारे सर वाईचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, अंगानं काटक. आठवडाभर सड्यावर राहायचे आणि शनिवारी मिरजेला येऊन वही माझ्या टेबलावर ठेवायचे. पडद्याकडे मात्र ते कधी सरळ बघत नसत. सासरच्या माणसांकडे बघावं तसं तिरकं बघत.

एका शनिवारी त्यांनी विचारलं, "या दोन बोअरांच्या मधे काय आहे, हे त्याला कुणी सांगितलं?"

"गणितानं, सर."

"आणि गणिताला चुकीची वही दिली तर?"

"चुकीचं असेल तर लगेच कळतं. चित्र बिघडतं," मी ठासून सांगितलं. तेव्हा माझं वय तेवीस होतं आणि सॉफ्टवेअर शिकून जेमतेम चार महिने झाले होते.

सर चष्मा पुसत बसले. ते चष्मा पुसायला लागले की सावध व्हावं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढच्या शनिवारी वहीत तेरा नंबरचा बोअर आला. बाकीच्या बारांत बॉक्साइटचा थर दोन मीटर, फार तर तीन. याच्यात सलग नऊ मीटर, आणि पुढं सरांच्या अक्षरात शेरा, 'उत्तम'. प्रयोगशाळेचे आकडे यायचे होते, तोवर आम्ही सरांच्या शेऱ्यांवरच रंग देत होतो. मी तेरा नंबर भरला आणि बटण दाबलं. चपातीसारख्या पातळ थराला एका टोकाला भलंमोठं लाल पोट सुटलं.

सर पाटणच्या गाडीसाठी निघून गेले होते. मी धावत आमच्या साहेबांकडे गेले. साहेबांना दगडातलं फारसं कळत नसे, पण रंगातलं लगेच कळे.

"लाल म्हणजे चांगलं ना?" त्यांनी विचारलं.

"एकदम चांगलं, साहेब."

साहेबांनी तिथल्या तिथं पडद्याचा फोटो काढून खाणमालकाला पाठवला. वर, सोमवारी आपण स्वतः त्या जागेवर उभं राहायला जाऊ, असंही ठरवून टाकलं.

सोमवारी सकाळी आम्ही गाडीनं निघालो. सर पाटणच्या स्टँडवर आमची वाट बघत उभे होते. गाडीत बसल्यावर साहेबांनी पुढच्या सीटवरून छापलेलं लाल चित्र मागं दिलं. "सर, तुमच्या तेरा नंबरनं कमाल केली," ते म्हणाले. सरांनी चित्र हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. मग माझ्या कानाशी येऊन त्यांनी विचारलं, "हे साहेबांना दाखवलंस? नकाशावर टाकून न बघता?"

"काय टाकून?"

"तेरा नंबर."

मी फोनवर नकाशा उघडला आणि तेरा नंबरच्या जागेचे वहीतले आकडे घातले. टाचणी जिथं पडली तिथं सडा नव्हताच. सडा संपल्यावर कडा लागतो, त्या कड्याच्याही पुढं ती पडली होती. बोअर सुरू होण्याची उंची मात्र सड्याची लिहिलेली. म्हणजे खाली दरी आणि वर हवेत नऊ मीटर उत्तम बॉक्साइट लटकत होतं. संगणकात जमिनीचा चढउतार आधी भरायचा असतो, म्हणजे असलं काही लगेच उघडं पडतं. तो भरायचा मी कंटाळा केला होता.

"तुला सोमवारी फोन करून हसणार होतो मी," सर पुटपुटले. "तू शनिवारीच डंका पिटलास."

आता बोलावं तर कसं, या विचारात घाट कधी संपला ते कळलं नाही. वर बोअरचं मशीन चालवणारा मिस्त्री वाट बघत होता. तो दहिवडीकडचा, म्हणजे माझ्याच माण तालुक्यातला. साहेब आपल्या फोनमध्ये तेरा नंबरची टाचणी बघत झपाझप निघाले. मागून मी, माझ्या मागं सर, आणि सगळ्यात मागं मिस्त्री. काळा खडबडीत जांभा, भणाण वारा, आणि साहेब लग्नाला उशीर झाल्यासारखे चाललेले.

"सायेब, आता थांबा," मिस्त्री मागून म्हणाला. "फुडं वाट न्हाई."

"अजून साठ मीटर दाखवतंय."

"आवं, साठ मीटर फुडं न्हाई, खाली हायत."

साहेब थांबले. त्यांनी फोनकडे बघितलं, मग दरीकडे, मग परत फोनकडे. दरीत एक घार आमच्यापेक्षा खालून घिरट्या घालत होती.

"साहेब, तो बोअर खोटा आहे," मी म्हणाले.

"कुणी केला?"

"मी," सर म्हणाले.

"तपासला नाही मी," मी म्हणाले.

"म्या पाडल्याला न्हाई," मिस्त्रीनं घाईघाईनं सांगितलं. "मी बाराच पाडल्यात. इचारा कुणालाबी."

साहेब ओरडतील म्हणून मी खाली मान घालून उभी होते. वर बघितलं तर ते तोंडावर रुमाल धरून हसत होते. हसू ओसरल्यावर मात्र त्यांना खाणमालकाची आठवण झाली. फोनला तिथं रेंज नव्हती. शेवटी मिस्त्रीच्या ट्रकच्या टपावर चढून, एका हातानं लोखंडी पाइप धरून ते उभे राहिले आणि लाल भाग नजरचुकीनं आला, हे त्यांनी मालकाला तीनदा मोठ्यानं सांगितलं. तिन्ही वेळा वाऱ्यानं अर्धं वाक्य नेलं. आम्ही तिघं खाली उभे राहून अत्यंत गंभीर चेहऱ्यानं ते ऐकत होतो.

खाली उतरल्यावर त्यांनी निकाल दिला. मी दोन दिवस सड्यावरच राहायचं आणि प्रत्येक बोअरवर स्वतः उभं राहून यायचं. सरांनी मला प्रत्येक कांडी हातात घेऊन शिकवायचं. "आणि तुम्ही दोघांनी एकमेकांशी खेळायचं असेल ते माझ्या फोनपर्यंत येऊ देऊ नका," एवढं सांगून ते गाडीत बसले.

ते दोन दिवस मी कधी विसरणार नाही. सर दगड जिभेला लावून बघायचे, मलाही लावायला लावायचे. चिकटला तर माती जास्त, म्हणायचे. मिस्त्री दुपारी भाकरी आणि ठेचा पुढं करायचा आणि म्हणायचा, "ताई, हे खावा. दगडानं पॉट भरत न्हाई." बाराही बोअरांवर मी उभी राहिले. पडद्यावर बोटभर वाटणारं अंतर पायांनी तोडताना घाम निघाला. मधल्या जागेत कुठं खड्डा होता, कुठं नुसती माती, कुठं जांभा मधेच तुटलेला. मिरजेला परतून मी आधी जमिनीचा चढउतार भरला, मग बोअर. चित्र पातळ आणि तुटक आलं. साहेबांना ते अजिबात आवडलं नाही, पण मालकाला तेच गेलं.

माझा हिशेब मात्र सरांशी बाकी होता. महिन्याभरानं मिस्त्रीला हाताशी धरून मी सरांकडे तपासायला आठ कांड्या पाठवल्या. त्यात एकाच कांडीचे दोन तुकडे, वेगळे नंबर टाकून. शनिवारी वही आली. एका तुकड्यापुढं 'उत्तम', दुसऱ्यापुढं 'मध्यम, माती आहे'.

मी दोन्ही तुकडे त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले आणि तुटलेल्या कडा एकमेकींना जोडून दाखवल्या. फट दिसत नव्हती.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोन्ही शेऱ्यांवर काट मारली आणि खाली स्वतःची सही केली.

"पुढच्या वेळी तीन जोड्या घाल," ते म्हणाले. "एकच असली की नशिबाचा भाग असतो."