नाद्या नावाचा बिल्ला

पंचवीस कुरुशसाठी, म्हणजे पाव लिऱ्यासाठी, माणूस किती खाली उतरतो ते बघायचं असेल, तर तुर्कस्तानच्या सीमेवरच्या एदिर्नेतल्या एखाद्या सुपरमार्केटच्या गल्ल्यावर दिवसभर बसून बघावं. पिशवीला पैसे लावायचा कायदा केला सरकारनं, आणि शिव्या खायला बसवली कुणाला? गल्ल्यावरच्या बाईला. नेव्रियेनं "पिशवी हवी का?" विचारलं की समोरचा असा बघायचा, की जणू हिनंच त्याच्या खिशात हात घातलाय. "पिशवीवर नाव तुमच्या दुकानाचं, मग जाहिरातीचे पैसे तुम्हीच द्या ना मला!" हा विनोद करणारा प्रत्येक जण समजायचा, की आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. काही शहाणे तर भाजीपाशी टांगलेल्या फुकटच्या पातळ पिशव्या ओढून आणत, त्यात साबण, पाव, चीज सगळं कोंबत, आणि दारात ती पिशवी फाटली की परत येऊन नेव्रियेवरच खेकसत. ती मूग गिळून बसायची. पन्नाशीला टेकलेल्या बाईला दुसरं काम कोण देणार होतं? नवरा इस्तंबूलला गेला तो तिकडचाच झाला होता, आणि घरी म्हातारी आई होती.

त्या हिवाळ्यात लिरा असा कोसळला की विचारू नका. सकाळी लावलेला भाव दुपारी बदलायचा. आणि सीमेपलीकडून शेजारी यायला लागले. बल्गेरियन माणसाला एदिर्नेत सगळे शेजारीच म्हणतात, कधी प्रेमानं, कधी दातओठ खाऊन. शनिवारी सकाळी बसगाड्या लागायच्या आणि दुपारपर्यंत तेल, कपडे धुण्याची पावडर, बाळांचे लंगोट, सगळ्यांचे कप्पे साफ. तेलाचा तर माणशी एकच कॅन असा नियम करावा लागला. गावातली माणसं रिकाम्या कप्प्यापुढे उभी राहून चडफडत. "त्यांची बसा पूजा करत, आम्ही काय माती खायची?" हेही नेव्रियेलाच ऐकावं लागे. कारण शेजाऱ्यांची भाषा अख्ख्या दुकानात तिला एकटीलाच येत होती. ती मूळची तिकडचीच, कर्जालीजवळच्या खेड्यातली. एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात हजारो तुर्कांना तिथून हाकललं, त्यात आईबापांबरोबर एका गाठोड्यानिशी ती कापिकुलेची सीमा ओलांडून आली होती.

मॅनेजर तुन्जाय साहेब. वय तिशीचं, इस्तंबूलहून आलेले, केसांना चोपडून तेल, बोलणं मधासारखं. या माणसाची एक युक्ती होती. गल्ल्याच्या मशीनमध्ये नवा भाव सकाळीच चढवायचा, कप्प्यावरची जुन्या भावाची चिठ्ठी मात्र संध्याकाळपर्यंत तशीच ठेवायची. कायदा म्हणतो, दोन्हींत जो कमी असेल तो घ्या. गावातल्या बायका ते ओळखून होत्या. पावती हातात पडली की तिथंच वाचत, कप्प्यापर्यंत ओढून नेत, आणि पैसे परत घेतल्याशिवाय हलत नसत. शेजाऱ्यांना कायदा कुठला माहीत असायला? तरी त्यातलेही काही जण आता पावती वाचायला लागले होते आणि हातवारे करून भांडायला लागले होते.

तेव्हा साहेबांनी नेव्रियेला आपल्या केबिनमध्ये बोलावलं आणि चहा पाजला. तेव्हाच खरं तर तिनं ओळखायला हवं होतं.

"ताई, तुमचं नाव त्यांना घेताच येत नाही बघा. बिल्ल्यावर एखादं त्यांच्याकडचं नाव टाकू या. आपल्या भाषेतली, आपल्या नावाची बाई समोर बसली की माणूस पावती वाचत नाही. आणि पिशवी त्यांना विचारत बसू नका, बिलात लावून टाका सरळ. त्यांच्याकडे पिशवी याहून महाग आहे, ते काही बोलणार नाहीत."

मग त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. "हे बघा, शोधून ठेवलीत. नाद्या, नेवेना, निना. सगळी 'न'वरचीच काढली मुद्दाम. तुम्हाला आवडेल ते निवडा."

नेव्रियेनं चहा खाली ठेवला. पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात त्यांच्या खेड्याला लष्कराचा वेढा पडला होता. बर्फात रणगाडे उभे होते, पंचायतीत टेबलावर नावांची यादी होती, आणि टेबलामागचा कारकून असंच म्हणाला होता, आवडेल ते निवडा. तिथल्या सरकारचा हुकूमच होता, मुसलमानी नावं पुसून टाकायची, तुर्की बोलायचं नाही, तुर्क म्हणून कुणी नव्हतंच कधी. बाप रेम्झी, त्यानं बंदुकीसमोर उभं राहून पोरीसाठी त्यातल्या त्यात जवळचं अक्षर शोधलं होतं. नाद्या. पण पोर त्या नावाला एकदाही 'ओ' म्हणाली नाही. शाळेत बाई हजेरी घेताना ते नाव पुकारत आणि तेरा वर्षांची नेव्रिये समोर बसून गप्प राहायची. बाकावर हजर आणि हजेरीत गैरहजर. त्यापायी बापाला पोलिसांनी दोनदा नेलं. दुसऱ्यांदा तो परत आला तेव्हा समोरचे दात नव्हते. "तू बोलू नकोस," एवढंच म्हणाला तो पोरीला, आणि तेही नीट म्हणता येत नव्हतं त्याला.

हे सगळं तिनं साहेबांना सांगितलं. थोडक्यात सांगितलं, पण सांगितलं.

साहेबांनी तोंडानं चक् चक् केलं. "वाईट झालं हो. पण त्यांनी जबरदस्ती केली होती ताई. मी तर विनंती करतोय. आणि प्लास्टिकचा बिल्ला आहे तो, संध्याकाळी काढून ठेवायचा. तुम्हाला नसेलच जमत तर मग काय... बल्गेरियन येणाऱ्या दोन मुली अर्ज देऊन गेल्यात."

बघा म्हणजे! विनंती म्हणे! पोटावर पाय द्यायचा आणि वर हसून चहा पाजायचा. आणि याहून संताप कशाचा यावा, तर नेव्रियेच्या स्वतःच्या जिभेचा. तीन नावं होती यादीत. नेवेना म्हणता आलं असतं, निना म्हणता आलं असतं. पण तिच्या तोंडातून निघालं ते "नाद्या". आयुष्यभर दाताखाली दाबून ठेवलेलं नाव, कुणी दंडुका न उगारता, तिनं आपणहून काढून दिलं. घरी जाताना ती रस्ताभर स्वतःला शिव्या घालत होती.

आईला तिनं यातलं काहीच कळू दिलं नाही. बिल्ला दुकानातल्या कपाटातच ठेवायची. आई, रुकिये बाई, या दुकानात पाऊल टाकत नसे. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणायची, आपल्या हातानं विणलेल्या जाळीच्या पिशवीतून.

साहेबांची युक्ती मात्र लागू पडली, मेली! शेजारणी नाद्याच्याच रांगेत येऊन उभ्या राहू लागल्या. त्यातली लिल्याना तर दर शनिवारी यायची. जाडजूड, हसरी, नेव्रियेच्याच वयाची. "नाद्या, आमच्याकडे या पैशांत अर्धं तेल येतं गं!" असं म्हणून पावती चुरगाळून पर्समध्ये टाकायची. बाई मनानं वाईट नव्हती, तेच तर आणखी लागायचं. नेव्रिये खाली मान घालून माल सरकवायची, पिशव्या लावून टाकायची. पहिले काही दिवस नाद्या म्हटलं की तिला दचकायला व्हायचं. मग दचकणं गेलं. सवय झाली.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लिल्यानाची सामानाची ढकलगाडी ओतू जात होती. "नाद्या!" तिनं लांबूनच हाक मारली.

"ओ!" नेव्रिये म्हणाली. चटकन, हसूनसुद्धा.

लिल्यानाचं बिल झालं, ती कडेला सामान भरायला लागली. पुढच्याचा तेलाचा कॅन पट्ट्यावर आला. नेव्रियेनं मान वर न करता, सकाळपासूनच्या सवयीनं, बल्गेरियनमध्येच म्हटलं, "पिशवीत घालते हं."

"नको, नाद्या," उत्तर आलं, बल्गेरियनमध्येच. "माझी आहे."

तो आवाज ऐकून नेव्रियेनं मान वर केली. समोर आई उभी होती. वाण्याकडचं तेल संपलं म्हणून आली होती. सीमा ओलांडल्यापासून या बाईनं ती भाषा तोंडात घेतली नव्हती. टीव्हीवर ऐकू आली तरी उठून टीव्ही बंद करायची. आज ती बोलली, पोटच्या पोरीशी, परक्या दुकानदारणीशी बोलावं तशी. पैसे मोजून ठेवले, कॅन जाळीच्या पिशवीत घातला आणि चालू लागली.

नेव्रियेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं बिल्ला ओढला. पीन अडकली, दुकानाच्या झग्याला भोक पडलं, पण तो निघाला.

"लिल्याना," ती म्हणाली, बल्गेरियनमध्ये, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी, "माझं नाव नाद्या नाही. नेव्रिये आहे. नाद्या तुमच्या सरकारनं ठेवलं होतं, बंदूक लावून, आणि इथल्या साहेबानं परत ठेवलंय, तुमचे खिसे कापायला. कप्प्यावर भाव कमी आहे, इथं जास्त घेतात. कायद्यानं कमी तोच घ्यावा लागतो. जा, बघून या. आणि पिशव्या तुम्ही मागितल्याच नव्हत्या, मीच लावत होते."

लिल्यानाचं हसू मावळलं. तिच्या लहानपणीच्या वर्गातही एखादं पोर असं बाकावर हजर आणि हजेरीत गैरहजर असणारच. ती खाली बघत म्हणाली, "आम्हाला तेव्हा कुणी काही सांगितलं नाही."

"विचारलंत का?"

तोवर रांग फुटली होती. लोक पावत्या नाचवत कप्प्यांकडे धावत होते. तुन्जाय साहेब धापा टाकत आले. "नाद्या ताई, काय चाललंय काय हे? गल्ला सोडायचा नाही!"

घ्या! तुर्की माणूस, तुर्की दुकान, आणि याच्याही तोंडात आता तेच नाव.

"तुमच्या आईचं नाव काय हो साहेब?" नेव्रियेनं विचारलं.

"काय संबंध?"

"उद्या बदलून बघा. विनंती करून." तिनं बिल्ला गल्ल्यात पैशांवर टाकला, खण आपटून लावला आणि कोटसुद्धा न घेता बाहेर पडली.

आई बरीच पुढे गेली होती. गुडघे दुखतात म्हणणारी म्हातारी ताडताड चालली होती.

"आई, थांब!"

"कोण हाक मारतंय मला?" मान न वळवता आई म्हणाली. आता तुर्कीत.

"मी."

"मी कोण?"

"नेव्रिये."

"ऐकू येत नाही."

"नेव्रिये!" ती ओरडली. बसगाड्यांत सामान चढवणारी माणसं वळून बघायला लागली. बघू देत. "नेव्रिये! रेम्झीची नेव्रिये!"

आई थांबली. वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा राग जागचा हलला नव्हता. "रेम्झीचं नाव घेऊ नकोस. त्याचे दात गेले, तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस आणि बोलली नाहीस. आज कुणी हातही लावला नाही, तर ओ दिलीस. हसून दिलीस. बघितलं मी."

"घर चालवायचं होतं आई. पोट होतं."

"पोट तेव्हाही होतं," आई म्हणाली.

नेव्रिये थंडीनं कुडकुडत उभी राहिली. आईनं तिच्या अंगावरच्या पातळ झग्याकडे, छातीवरच्या त्या फाटक्या भोकाकडे बघितलं, आणि पिशवीचा एक बंद तिच्यापुढे केला.

"धर. जड आहे."