व्याह्यांनी दिलेलं उत्तर

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मिळून माझ्या व्याह्यांइतका संशयी माणूस झाला नाही. हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण त्यांच्याबद्दल सांगायला बसलं की पुढे माझंही सांगावं लागतं.

ते वारूळवाडीचे. ओझरला गेले की चपला पिशवीत घालून, पिशवी काखेत धरून दर्शन घेत. विघ्नहरावर विश्वास होता, भाविकांवर नव्हता. माझ्या मुलीची सुपारी फुटली, त्या कार्यक्रमात त्यांनी पुड्यातला तळाचा पेढा मागून घेतला. पण त्यांचा संशय खरा बहरायचा तो दवाखान्यात. नव्वदच्या दशकात मी हायवेलगतच्या एका इस्पितळात, कॅज्युअल्टीबाहेरच्या खिडकीवर केस पेपर करायचो. गावात कुणी पडो, कुणाला साप चावो, पेशंटच्या जीपमध्ये व्याही असायचेच. आल्या आल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवर टिचकी मारून बघत. सलाईनची बाटली उजेडात धरायला लावत.

"सिस्टर, ह्यात कायतरी हलतंय."

"तुमचंच तोंड आहे काका."

मग पेशंटच्या उशाशी बसून राहत. मला वाटे, या माणसाचं इथे काय काम? अपघाताच्या केसेस वकिलांना पुरवतो की काय?

एकदा पुण्याहून दोन लेडी डॉक्टर आल्या. कॅज्युअल्टीत पेशंटला वागणूक कशी मिळते, याचा त्या अभ्यास करत होत्या. खाटेखाटेपाशी जाऊन विचारत. जो तो म्हणे, "लई चांगलं हाय." त्या खूश, आमचे मोठे डॉक्टर खूश, मी खूश. तेवढ्यात व्याही उठले.

"ताई, खाटंवरचा माणूस खरं बोलंल व्हय? त्याची सुई तुमच्या हातात. घरी गेल्यावर इचारा."

"मग तुम्ही सांगा काका."

"हितं रगत गळत असलं तरी पयलं खिडकीवर जायचं. कागद झाल्याबिगर कुणी हात लावत न्हाई. ही म्हातारी सकाळधरनं पडलीय. तिला काय झालंय, ते बी कुणी सांगंना."

खिडकी माझी होती. नातेवाईक सही करायला येईपर्यंत म्हातारीचा कागद मीच अडवला होता. मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी हसत म्हणालो, "मनावर घेऊ नका मॅडम. माझे व्याही आहेत, डोक्यावर जरा परिणाम झालाय."

त्या दोघींतल्या एकीने व्याह्यांचं लिहून घेतलेलं बोलणं खोडलं. व्याह्यांनी म्हातारीचं पांघरूण नीट केलं आणि ते निघून गेले. संध्याकाळी तिचा भाचा आला, कागद झाला, मग कळलं की खुब्याचं हाड मोडलंय. व्याही पुन्हा कॅज्युअल्टीत आले नाहीत. गावात मात्र त्यांना 'येडं' हे नाव कायमचं पडलं.

रिटायर झाल्यावर मी माफी मागायला वारूळवाडीला गेलो. व्याही फार थकले होते. 

"खरं सांगा पावणं, कशापायी आलात? लेकीला न्यायला तर न्हाई ना? तिच्याबिगर आमचं कसं व्हायचं?"

"छे हो, सहज आलो," मी म्हणालो. त्यांना इतकं हायसं वाटलं की माफीचं राहूनच गेलं. त्याच वर्षी ते गेले. व्याही, तुम्ही शहाणे होतात आणि खोटं मी बोललो, एवढंच म्हणायचं होतं.