सुपातून वेचलेले दाणे

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. आणि मी काही तोंड मिटून बसणारी बाई नव्हे — सफाळ्याच्या बाजारात विचारा, माझा आवाज दोन दुकानं पलीकडे जातो. पण हे एवढं घशात अडकलं ते अडकलंच.

मी अंगणवाडी सेविका. सफाळ्याहून आत, डोंगराच्या अंगाला एका पाड्यावर माझी अंगणवाडी. काही वर्षांपूर्वी रेशनच्या आणि आमच्या खिचडीच्या तांदळात वेगळे दाणे मिसळून यायला लागले — तांदळाच्याच पिठाचे, किंचित पिवळट, आत लोह आणि जीवनसत्त्वं घातलेली. पालघरला बोलावून आम्हाला समजावलं होतं. रक्त कमी असलं की पोर नुसतं फिकट पडत नाही, त्याचं डोकंही मागे पडतं, शिकवलेलं टिकत नाही. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

मग पाड्यावर कुणाच्या तरी मोबाइलवर व्हिडिओ आला — म्हणे प्लास्टिकचा तांदूळ! दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहा बायका सुपं घेऊन माझ्या दारात. पाण्यात हे दाणे तरंगतात, आमची पोरं मारता काय? — सगळ्या एकदम माझ्यावर तुटून पडल्या. काय करायला हवं होतं मी? वही काढायची, भात शिजवायचा, त्यांच्यासमोर पहिला घास आपण घ्यायचा. एवढंच ना? पण मी घाबरले. पोरं यायची बंद झाली असती, वरून साहेबांची बोलणी — छे, खरं सांगते, मला भांडणाचाच कंटाळा आला. म्हटलं, अगं, मलाही शंका होतीच. सूप ओढून घेतलं आणि ते दाणे एकेक वेचून त्यांच्यादेखत अंगणात फेकले. कोंबड्यांनी टिपले.

"बाई आपली हाय," जानी म्हणाली. तिची सुगंधा माझ्याकडे होती, तीनेक वर्षांची. अहो, केवढं बरं वाटलं मला! सांगायला लाज वाटते, पण वाटलं. त्या दिवसापासून पाड्याची रीतच झाली — तांदूळ आणायचा, ते दाणे वेचून फेकायचे, मग शिजवायचा. खिचडीचा तांदूळ तर मी माझ्या हातांनी निवडायचे. रोज.

आणि घरी? — हेच सांगायचंय, कधीचा घोळ घालतेय. माझ्या रेशनकार्डावरही तोच तांदूळ यायचा. तो मी कधी निवडला नाही. एक दाणा काढला नाही. माझ्या लेकीला पोटभर वाढला.

सुगंधा पांढरीफटक, खेळ सोडून भिंतीला टेकून बसायची. शाळेत गेली तर अक्षरं राहीनात. जानी माझ्याकडेच आली, दुसरं कोण होतं तिला? "बाई, पोरीच्या डोक्यात काय शिरतच नाय. काय देऊ तिला?" तेव्हा तरी बोलायचं! मी म्हणाले, काही पोरं जन्मतःच तशी असतात गं. जानीने ते खरं धरलं. पुढच्या हंगामात तिने सुगंधाला शाळेतून काढलं आणि वीटभट्टीवर नेलं, धाकट्या बहिणीला सांभाळायला.

त्या दाण्यांनी ती हुशार झाली असती का? मला माहीत नाही, कुणालाच सांगता यायचं नाही. पण तिच्या ताटातून ते काढले कुणी, हे मला पक्कं माहीत आहे.

यंदा जानीने धाकटीला माझ्याकडे घातलं. जाता जाता म्हणाली, हिच्या खिचडीतले पण नीट काढा हां बाई, तुमच्यावर भरवसा हाय. मी हो म्हटलं. आता काढत नाही, गुपचूप तसाच शिजवते. पण जानीला सांगितलेलं नाही — अजून नाही. तिच्या घरी तांदूळ रोज निवडतात. ते काम सुगंधाकडे आहे. परवा मी बघितलं, दारातच सूप घेऊन बसली होती. नजर इतकी तेज आहे तिची, एक दाणा सुटत नाही.